दात दातावर बसतो म्हणजे नेमकं काय होतं?

रातकिडा (धागाकर्ता)

खालच्या डाव्या बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेवर नवीन कॅप बसवली. खुर्चीत असताना सगळं ठीक वाटलं. भूल उतरली आणि लक्षात आलं की तोंड मिटलं की आधी तीच दाढ लागते, मग बाकीचे दात. पुन्हा गेलो. डॉक्टरांनी निळा कागद चावायला दिला, "इथे किंचित उंच आहे" म्हणाले आणि जरासं घासलं. आता सरळ मिटल्यावर बरं वाटतं, पण जबडा उजवीकडे नेला की डावीकडे काहीतरी अडकतं.

पुन्हा दाखवायला जाणारच आहे, पण त्याआधी हे प्रकरण समजून घ्यायचंय. इतका बारीक फरक तोंडाला कळतो कसा? वरचे-खालचे दात मुळात कुठे टेकायला हवेत? आणि "आता उजवीकडे घासा, आता पुढे घ्या" हे कशासाठी? चावताना आपण वर-खालीच चावतो ना?

प्लॅस्टरवाली

मी दातांच्या लॅबमध्ये कॅप आणि कवळ्या बनवते, त्यामुळे "उंच लागतंय" हे शब्द माझ्या पाचवीला पुजलेले आहेत.

फरक कळतो तो मुळाभोवतीच्या अस्तरामुळे. दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्या मध्ये साधारण पाव मिलिमीटर जाडीचं तंतूंचं अस्तर असतं आणि त्यात दाब ओळखणाऱ्या नसा असतात. दोन निरोगी दातांच्या मध्ये वीसेक मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पट्टी आली तरी समजते. माणसाचा केस याच्या तीन-चार पट जाड असतो.

गंमत म्हणजे हेच अस्तर फसवतंही. जोरात चावलं की उंच दात अस्तरात दबतो, बाकीचे दात टेकतात आणि सगळं जमल्यासारखं वाटतं. म्हणून तपासताना आधी हलकेच टकटक करायचं, जोर नंतर. आणि खुर्चीत आडवं पडून तपासलं तर खालचा जबडा किंचित मागे गेलेला असतो. भूल उतरल्यावर, ताठ बसून पुन्हा बघायला सांगा.

निळ्या कागदाबद्दल एक. ठिपका जेवढा मोठा तेवढा जोर जास्त, असं पुष्कळ जण धरून चालतात. तसं नसतं. जाड कागदाचा रंग नुसता जवळून गेला तरी लागतो. मध्ये रंग उडालेला आणि भोवती गडद कडं असा ठसा दिसला तर तिथे भार आहे. खात्री करायला आठ मायक्रॉनची चकचकीत पट्टी दातांमध्ये धरून ओढतात. निसटली तर दात टेकत नाही, धरून राहिली तर टेकतोय. आमच्या कामात या पट्टीइतकं खरं बोलणारं दुसरं काही नाही.

मुखवैद्य

वरच्या प्रतिसादाला +१. मी "कुठे टेकायला हवेत" याचं उत्तर देतो. जरा लांबेल.

वरची कमान खालच्या कमानीपेक्षा मोठी असते, त्यामुळे वरचे दात खालच्यांना डब्याच्या झाकणासारखे बाहेरून वेढतात. पुढचे वरचे दात खालच्यांच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे असतात आणि साधारण तेवढेच त्यांना झाकतातही. दाढांकडे गेलं की गोष्ट रंगते. प्रत्येक दाढेला गालाकडची टोकं आणि जिभेकडची टोकं, आणि त्यांच्या मध्ये खळगे. वरच्या दाढांची टाळूकडची टोकं खालच्या दाढांच्या खळग्यांत बसतात. खालच्या दाढांची गालाकडची टोकं वरच्यांच्या खळग्यांत किंवा दोन दाढांच्या फटीवरच्या कडांवर बसतात. चावण्याचा भार या टोकांवर येतो. उरलेली टोकं, म्हणजे वरची गालाकडची आणि खालची जिभेकडची, गाल आणि जीभ यांना चिमट्यापासून लांब ठेवतात. ज्यांचा गाल सारखा चावला जातो त्यांच्यात पुष्कळदा वरच्या दाढा बाहेर पुरेशा आलेल्या नसतात.

सगळं एकास एकही नसतं. जवळजवळ प्रत्येक दात समोरच्या दोन दातांना भेटतो. अपवाद दोनच: खालचे मधले पटाशीचे दात आणि वरच्या शेवटच्या दाढा. याचा फायदा असा की एक दात गेला तरी समोरचा लगेच निराधार होत नाही. मात्र जागा बरेच दिवस रिकामी ठेवली तर समोरचा दात हळूहळू त्या पोकळीत उतरतो, बाजूचे कलतात आणि सगळी घडी विस्कटते.

शिवाय दातांची रांग सपाट नसते. बाजूने पाहिलं तर खालची रांग पुढून मागे किंचित खोलगट वळलेली दिसते. फर्डिनांड ग्राफ फॉन श्पे यांनी १८९० साली या वक्राकडे लक्ष वेधलं आणि तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. समोरून पाहिलं तर डावी-उजवीकडे आणखी एक वक्र असतो.

आता बहुतेकांना पटत नाही ती गोष्ट. दिवसाच्या चोवीस तासांत दात दाताला टेकलेले असतात तो वेळ, घास चावणं आणि गिळणं धरून, साधारण वीस मिनिटांच्या आत-बाहेर भरतो. एरवी ओठ मिटलेले असले तरी दातांमध्ये दोन ते चार मिलिमीटर फट असायला हवी. हे वाचताना तुमचे दात एकमेकांवर आवळलेले असतील तर ते सोडा.

खटपट्या

वाचताना खरंच आवळलेले होते!

स्क्रू_ढिला

यंत्रवाला माणूस आहे, म्हणून विचारतो. जबडा म्हणजे तिसऱ्या प्रकारचा तरफ ना? टेकू सांध्यात, जोर स्नायूंचा मध्ये, भार पुढे दातांवर. मग मागच्या दाढांवर जास्त बल मिळणार आणि पुढच्या दातांवर कमी. आकडे सांगाल का? आणि सांधा नुसती बिजागरी असेल तर आस एकच राहील. मग उजवी-डावी हालचाल होतेच कशी?

मुखवैद्य

तरफ बरोबर ओळखलात. निरोगी प्रौढ माणूस दाढांवर पूर्ण जोर लावतो तेव्हा ५०० ते ७०० न्यूटनच्या आसपास बल मिळतं. पुढच्या दातांवर त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकं. रोजच्या चावण्यात यातला लहानसा भागच लागतो.

सांधा बिजागरी आहे, पण सरकणारी. दोन्ही कानांच्या पुढे बोटं ठेवा आणि तोंड हळूहळू उघडा. पुढच्या दातांमध्ये वीस-पंचवीस मिलिमीटर अंतर पडेपर्यंत जबड्याचं डोकं, म्हणजे सांध्यात बसणारं हाडाचं गोल टोक, जागेवरच फिरतं. त्यापुढे ते खोबणीतून निघून हाडाच्या उतारावरून पुढे आणि खाली घसरतं, मध्ये कूर्चेसारखी चकती घेऊन. बोटाखाली तो उंचवटा पुढे सरकताना लागेल. पूर्ण उघडल्यावर चाळीस ते पन्नास मिलिमीटर अंतर मिळतं ते या घसरण्यामुळे.

शिवाय दोन्ही सांधे एकाच हाडाची दोन टोकं आहेत. एकाला हलवलं की दुसऱ्याला हलावंच लागतं. जबडा उजवीकडे नेला की उजवं डोकं जवळपास जागेवर फिरतं आणि किंचित बाहेर सरकतं, डावं डोकं पुढे-खाली-आत येतं. नॉर्मन बेनेट यांनी १९०८ मध्ये हे बाजूचं सरकणं दाखवून दिलं. पुढे १९५२ मध्ये उल्फ पोसेल्ट यांनी खालच्या पटाशीच्या टोकाचा प्रवास आखला. जबडा जिथवर जाऊ शकतो त्या सगळ्या सीमा त्यात आल्या. त्यातून आणखी एक गोष्ट पुढे आली. सांधा मागे, आपल्या जागी असताना दातांचा जो पहिला स्पर्श होतो तो आणि दात पूर्ण घट्ट बसतात ती जागा, या दोन्ही बहुतेक माणसांत एक नसतात. मध्ये मिलिमीटरभर घसरण असते, आणि माणूस आयुष्यभर तिच्यासह मजेत चावतो.

प्लॅस्टरवाली

या उतारामुळेच आमचं काम अवघड होतं. जबडा पुढे आणला की डोकं उताराने खाली येतं, त्यामुळे मागच्या दाढांमध्ये फट पडते. कार्ल क्रिस्टेन्सेन यांनी १९०५ मध्ये याची नोंद केली. पूर्ण कवळीवाल्या माणसात अशी फट पडली की कवळी मागून सुटते, म्हणून कवळीचे दात लावताना वक्र जाणूनबुजून द्यावा लागतो.

प्लॅस्टरचे साचे हातात धरून कॅप बनवली तर ती नुसती मिटल्यावर जुळते. सरकवल्यावर जुळायची तर साचे आर्टिक्युलेटरवर (जबड्याच्या हालचालींची नक्कल करणाऱ्या यंत्रावर) चढवावे लागतात आणि फेसबो (चेहऱ्याला लावायची मोजपट्टीची चौकट) लावून वरच्या जबड्याचं सांध्यापासूनचं अंतर घ्यावं लागतं. विल्यम बॉनविल यांनी १८५८ साली यासाठी चार इंच बाजूंचा त्रिकोण मांडला होता: दोन सांधे आणि खालच्या पटाशीचा मध्य. सरासरी म्हणून तो आजही पुष्कळ यंत्रांत दडलेला आहे. तुमचा जबडा सरासरीच्या जवळ असेल तर कॅप बिनबोभाट बसते. नसेल तर डॉक्टरांना तोंडात घासत बसावं लागतं. एका कॅपसाठी कुणी फेसबो लावत नाही, आणि तशी गरजही सहसा नसते.

रातकिडा

जबरदस्त. आरशासमोर उभा राहून पाहिलं. जबडा उजवीकडे नेला की उजवीकडचे सुळे एकमेकांवरून घसरतात आणि मागच्या दाढा सुटतात. डावीकडे मात्र ती नवी कॅप टेकलेलीच राहते. हेच ना ते अडकणं?

मुखवैद्य

तेच. ज्या बाजूला जबडा जातो ती काम करणारी बाजू. तिथे सुळ्यांनी बाकीच्यांना वेगळं केलं तर त्याला सुळ्यांचं मार्गदर्शन म्हणतात. काही जणांत सुळ्यासोबत उपदाढा आणि दाढाही एकत्र घसरतात, तेही चालतं. सुळे झिजत जातात तसा पहिला प्रकार हळूहळू दुसऱ्यात बदलतो. सुळ्यालाच हे काम का? सगळ्यांत लांब मूळ त्याचं, आणि सांध्यापासून, म्हणजे स्नायूंच्या जोरापासून तो लांब. आडवा भार त्याला झेपतो.

उलट्या बाजूच्या दाढा मात्र त्या वेळी सुटायला हव्यात. तुमची खालची डावी दाढ जबडा उजवीकडे जाताना आत सरकते. तिच्या गालाकडच्या टोकाचा आतला उतार वरच्या दाढेच्या टाळूकडच्या टोकाच्या उतारावर घासत असणार. डॉक्टरांना सांगा की दोन रंगांचे कागद वापरा. एका रंगाने नुसती टकटक, दुसऱ्याने उजवीकडे सरकवून. दुसऱ्या रंगाची रेघ उतारावर उमटेल. ती रेघ घासायची, पहिल्या रंगाचा ठिपका तसाच ठेवायचा. ठिपका घासला तर दाढ समोरच्याला टेकायचीच बंद होईल.

तारांकित

आयडीवरून कळलंच असेल, तारा लावून घेतल्यात. तारा काढल्यावर पहिले काही आठवडे मागच्या दाढा नीट टेकत नव्हत्या, आता टेकतात. डॉक्टर म्हणाले दात "बसतात". आणि मी "पहिल्या वर्गात" आले म्हणे. हा वर्ग कसला?

मुखवैद्य

एडवर्ड अँगल यांचा, १८९९ चा. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेचं गालाकडचं पुढचं टोक खालच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या गालाकडच्या खाचेत आलं की पहिला वर्ग. खालची दाढ मागे राहिली तर दुसरा, पुढे गेली तर तिसरा. १९७२ मध्ये लॉरेन्स अँड्र्यूज यांनी कधीही तारा न लावलेल्या, पण सुरेख दातांचे १२० साचे तपासून सहा खुणा मांडल्या. आजच्या ब्रॅकेटमधले (दातांवर चिकटवलेल्या, तार धरणाऱ्या तुकड्यांमधले) कोन त्यातूनच आले.

मात्र हे दोन्ही मिटलेल्या तोंडाबद्दल आहेत. पहिल्या वर्गातला माणूस दाढा अडकवून बसलेला असू शकतो आणि दुसऱ्या वर्गातला झकास चावू शकतो. तारा निघाल्यावर दात अस्तरात थोडे वर-खाली होत समोरच्याला शोधतात, तेच "बसणं". तुमचा रिटेनर (दात नव्या जागी धरून ठेवणारा) मात्र विसरू नका.

तिरकस

वाचतोय आणि शंका वाढतेय. मिलिमीटरभर घसरण बहुतेकांत असते, आदर्श चावा (वरचे-खालचे दात जुळण्याची ठेवण) फार थोड्यांचा, तरी सगळे मजेत. मग एखाद्याचा जबडा दुखला की "चावा बिघडलाय, घासून देतो" म्हणणारे कुठल्या आधारावर म्हणतात? माझ्या एका नातेवाईकाचे चांगले दात असेच घासले गेले. दुखणं होतं तसंच, वर दात सळसळायला लागले.

मुखवैद्य

तुमची शंका रास्त आहे आणि मी तुमच्याच बाजूने बोलणार आहे. एके काळी सांधेदुखीचं मूळ चाव्यात आहे असं ठाम मानलं जायचं. ते नातं संशोधनात टिकलेलं नाही. तसाच "वाकडा" चावा असलेली असंख्य माणसं न दुखता जगतात. ताण, झोप, दात आवळण्याची सवय, आधी लागलेला मार, दुखण्याबद्दलची शरीराची संवेदनशीलता, हे सगळं त्या सांधेदुखीत येतं. म्हणून आधी परत फिरवता येतील असे उपाय: विश्रांती, मऊ खाणं, शेक, व्यायाम, गरज पडल्यास स्प्लिंट (दातांवर घालायचं काढता येणारं आवरण). घासलेलं इनॅमल परत येत नाही.

प्लॅस्टरवाली

पण मग रातकिड्यांची कॅप घासायची की नाही, असा कुणाचा गोंधळ व्हायला नको. नव्याने बसवलेली उंच वस्तू घासणं वेगळं. शरीराला तिची सवय झालेली नसते आणि आपण ती आदल्या जागेवर आणत असतो. वर्षानुवर्षं निवांत चावणाऱ्या माणसाचे स्वतःचे दात "सुधारायला" घासणं ही दुसरी गोष्ट, आणि तिला माझाही विरोध आहे.

तिरकस

हा फरक पटला.

काजवा

रात्री दात खाणाऱ्यांचं काय? घरच्यांना करकर ऐकू जाते. कुणी म्हणतं कुठलातरी दात उंच असेल म्हणून.

मुखवैद्य

ती समजूतही जुनीच. रात्रीचं दात खाणं झोपेत मेंदू क्षणभर जागृतीकडे सरकतो त्याच्याशी जोडलेलं आहे. एखादा दात घासून ते थांबत नाही. गार्ड घातल्यानेही सवय जात नाही, फक्त झीज दातांऐवजी प्लॅस्टिकची होते, आणि तेवढंही पुष्कळ आहे. आरशात सुळ्यांची टोकं पाहा. सपाट, चकचकीत पैलू पडले असतील आणि जबडा एका कोपऱ्यात नेल्यावर वरचा-खालचा पैलू तंतोतंत जुळत असेल तर ती घासण्याचीच खूण. घोरणं किंवा दिवसा पेंगणं असेल तर झोपेच्या डॉक्टरांनाही दाखवा.

गिरमिट

अवांतर: वाघ-सिंहाचा जबडा जवळपास नुसता वर-खाली चालतो, बाजूला फारसा हलतच नाही. त्यांच्या मागच्या दाढा कात्रीसारख्या एकमेकींना घासून मांस कापतात. गाईला वरचे पुढचे दातच नसतात, तिथे कडक गादी असते, आणि रवंथ करताना जबडा आडवा फिरतो. उंदीर-खारी जबडा पुढे-मागे सरकवून एकदा कुरतडतात, एकदा दळतात. माणूस मात्र थोडं थोडं सगळंच करतो.

आणखी एक. पूर्वी अन्न खरबरीत असल्याने दात झिजून प्रौढांचे पुढचे दात कडेला कड असे जुळायचे. अन्न मऊ झालं तसे वरचे दात पुढे राहायला लागले. अशा ठेवणीत खालचा ओठ वरच्या दातांना सहज टेकतो आणि "फॅन"मधल्या फ सारखे आवाज सोपे होतात, अशी कल्पना चार्ल्स हॉकेट यांनी १९८५ मध्ये मांडली होती. २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासाने तिला बळ दिलं. सगळ्या भाषाशास्त्रज्ञांना ते मान्य आहे असं नाही, पण वाचायला बहार आली.

खटपट्या

वाचनखूण साठवली. एक उपप्रश्न: इम्प्लांटलाही तसंच कळतं का?

प्लॅस्टरवाली

कमी कळतं. इम्प्लांट हाडाला थेट चिकटलेला असतो, अस्तर नाही. शेजारचे दात जोरात चावताना दबतात, इम्प्लांट जवळपास हलत नाही. म्हणून त्यावरची कॅप हलक्या चाव्यात किंचित सुटी ठेवतात, पूर्ण जोर लावल्यावर टेकेल अशी.

रातकिडा

जाऊन आलो. दोन रंग वापरले, रेघ सांगितली तिथेच निघाली, आतल्या उतारावर. डायमंड बर दोनदा फिरवला, पॉलिश केलं. आता उजवीकडे नेलं की डावी बाजू पूर्ण सुटते. डॉक्टर हसून म्हणाले, "हे कुठून शिकून आलात?"

अनवट

शेवटचा प्रश्न माझा. मुलगी सात वर्षांची आहे. तोंड मिटताना तिची हनुवटी किंचित डावीकडे जाते. दुधाचे दात पडायचेच आहेत, तोवर थांबावं का?

मुखवैद्य

थांबू नका. तिला तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि वरच्या-खालच्या पटाशीची मधली रेघ पाहा. उघडल्यावर दोन्ही रेघा एकाखाली एक आणि मिटल्यावर खालची डावीकडे गेली, तर बहुधा वरचा जबडा अरुंद आहे. दाढा टोकाला टोक लागतात, आणि नीट चावता यावं म्हणून ती जबडा एका बाजूला सरकवून बसवते. डावीकडे वरच्या दाढा खालच्यांच्या आत गेलेल्या दिसतील. या वयात वरचा जबडा रुंद करणं सोपं असतं, कारण टाळूची मधली शिवण अजून घट्ट जुळलेली नसते. पुढे वाढ एकाच बाजूला वळत गेली की काम अवघड होतं. मुलांच्या तारा करणाऱ्या डॉक्टरांना याच महिन्यात दाखवा, आणि उघड्या-मिटलेल्या तोंडाचे दोन फोटो सोबत न्या.